हातभर मागं

आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजात तो माझ्याच विभागात शिकवतो, माझ्याहून बराच लहान आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात तरंगणारा बारीकसा कण तो लेझरच्या प्रकाशानं धरतो. प्रकाश सरकवला की कण मुकाट त्याच्या मागे जातो. काम करताना तो कणाशीच बोलतो, "थांब ना बाप्पा, काऊन पळून राह्यला?" आणि कण थांबतो. माझ्या तासाला पोरंसुद्धा थांबत नाहीत. मला त्याचा हेवा वाटतो, हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारी जवळच्या कोळशाच्या खाणीत ब्लास्ट होतो, टेबल हादरतं आणि कण सुटतो. म्हणून तो ब्लास्ट होऊन गेल्यावरच कामाला बसतो. परवा त्यानं मला आवर्जून बोलावलं. पडद्यावर कण स्थिर होता, पोरं श्वास रोखून बघत होती. मी टेबलाला लागूनच स्टुलावर बसलो होतो. टेबलाला गुडघ्यानं धक्का दिला. मुद्दाम दिला. कण गेला.

"खाणवाल्यायनं आज दोनदा उडवलं वाटते," तो पोरांकडे पाहून हसला.

मग माझं स्टूल त्यानं टेबलापासून हातभर मागं ओढलं आणि हळूच म्हणाला, "बसा भाऊ. आता पाहा."