नवरीकडे बघून गाणारी रूपी

तलासरीच्या बाजारात फोन आज कोणाच्या हातात नाही? पण तो कधी घ्यायचा आणि कधी खाली ठेवायचा, हे कळणारी माणसं पाड्यावर दोन-चारच. त्यात पहिली रूपी. तिलाही हे सुखासुखी नाही कळलं, भर मांडवात नाक कापून घेतलं तेव्हा कळलं.

रूपी बोर्डीच्या चिकूवाडीत मजुरीला जायची. २०१७ साली नवऱ्यानं, रविंद्रनं, फोन घेऊन दिला आणि बाईचं डोकंच त्यात गेलं. टेंपोत व्हिडिओ, भाकर खाताना व्हिडिओ, चुलीवर भात करपला तरी व्हिडिओ! अशात तिच्या ठकीमावशीला दम लागायला लागला. ठकी म्हणजे पाड्याची धवलेरी. वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते, गाणी म्हणत म्हणत. "आता बाहेरची धवलेरी आणा," ठकी म्हणाली, आणि ते रूपीच्या जिव्हारी लागलं. मावशीची गादी मीच चालवणार, तिनं सांगून टाकलं.

निलम आणि शुक्राच्या लग्नात ठकी गायली, तेव्हा रूपी रेकॉर्ड करायला फोन घेऊन समोर बसली. फोन म्हणे, जागा नाही. रूपीनं तिथल्या तिथे सगळे व्हिडिओ, गेम, रोज सकाळी येणारी ती 'शुभ सकाळ'ची फुलं उडवून टाकली आणि गाणी भरली. पुढे चार महिने चिकू निवडताना कानात वायर, तोंडात गाणं. "खूळ लागलंय हिला," बायका चिडवायच्या. पण एकूणएक ओळ पाठ झाली.

मग आलं जिजा आणि काळ्याचं लग्न. ठकीनं रूपीला पुढे बसवलं. हळदीचं गाणं झकास झालं. सुवासिनींनी भिंतीवर काढलेल्या देवीच्या चित्रापुढे, चौकापुढे, नवरा-नवरीचं नाव घेऊन गायचं असतं. रूपीनं डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात नावं घेतली, निलमचं आणि शुक्राचं!

"अरे, माझं परत लावता काय?" मांडवातून शुक्रा ओरडला. हसून हसून लोक आडवे झाले. काळ्याच्या आईचा, बकुळाचा, मात्र पारा चढला. "हिला उठवा आधी!" उरलेलं लग्न ठकीनं धापा टाकत लावलं.

घरी येऊन रूपी ढसाढसा रडली. फोन विहिरीत टाकायलाच निघाली होती. ठकीनं मनगट धरलं. "फोनाची काय चूक गं? त्यानं ऐकलं तेच तो बोलला. तूही तेच केलंस. नवरीकडे एकदा तरी बघितलंस का?"

दुसऱ्या दिवसापासून रूपीनं फोनाला शिस्त लावली. सकाळी एक गाणं, एकदाच ऐकायचं. मग फोन पत्र्याच्या डब्यात. वाडीत दिवसभर तेच गाणं बिनफोनाचं म्हणायचं आणि दर वेळी नव्या जोडप्याचं नाव घ्यायचं. बिचाऱ्या मुकादमाचं तर तिनं चार वेळा लग्न लावलं!

पुढच्या उन्हाळ्यात बकुळाच्या धाकट्याचं, हाल्याचं, लग्न निघालं. ठकी शेजारी बसणार असेल तरच रूपी, बकुळानं बजावलं. आज चुकली तर तिला पुन्हा कोणी बोलावणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

रूपीनं डोळे मिटलेच नाहीत. नवरी संगिता थरथरत होती, तर रूपीनं गाणं संथ घेतलं. नावं घेतली, नेमकी. संगिताचा बाप वर्षापूर्वी गेलेला. रूपीनं दोन ओळी मनानं रचल्या आणि त्याला नाव घेऊन मांडवात बोलावलं. त्या ओळी कुठल्याच फोनात नव्हत्या. संगिता रडली, बायका रडल्या, आणि ती खमकी बकुळासुद्धा पदराला डोळे पुसायला लागली.

ठकीला एक शब्द सांगावा लागला नाही. काय अभिमान दाटला होता त्या म्हातारीच्या तोंडावर!

बकुळा ठकीजवळ आली. "मावशी, तू जाऊन पड आता. आम्हाला धवलेरी मिळाली."

"जाते कशाला?" ठकी म्हणाली. "मागून म्हणायला माणसं नकोत?" आणि चाळीस वर्षं सगळ्यांच्या पुढे गायलेली ठकी उठून बायकांच्या रांगेत गेली आणि रूपीच्या मागून गायला लागली.