आबांचं सुटलेलं पोट

आमच्या आबांचं पोट सुटायला लागलं तेव्हा पहूरमध्ये सगळ्यांनाच बरं वाटलं. जन्मभर काटकुळा राहिलेला माणूस साठीनंतर अंग धरतोय, म्हणजे सुनेच्या हातचं मानवलं, असं लोक म्हणत. श्रेय माझ्या बायकोला मिळालं आणि तिनेही ते नाकारलं नाही. आबा दोन घासांतच ताट सारतात, हे मात्र तिलाच ठाऊक होतं.

मग ताप सुरू झाला. गावात सुई घेतली की उतरायचा, पुन्हा चढायचा. शेवटी मी त्यांना जळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डाव्या बरगडीखाली बोटं दाबली.

"आबा, हे पोट नाही. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय."

रक्त तपासलं, मग कमरेच्या हाडातला मगज. निदान झालं हेअरी सेल ल्युकेमिया. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, फार क्वचित होणारा. बाईंनी समजावलं, "मायक्रोस्कोपखाली त्या पेशींना केस असल्यासारखे दिसतात."

आबांनी टोपी काढून तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "तिशीतच गेले बठ्ठे. मले वाटे, कुठी गेले."

बाई हसल्या. मला हसता आलं नाही. कॅन्सर या शब्दानंतर मी काही नीट ऐकलंच नव्हतं.

आठवडाभर सलाइनमधून औषध दिलं. खरा वनवास घरी आल्यावर सुरू झाला. रोगाने आधीच कमी झालेल्या चांगल्या पांढऱ्या पेशी औषधाने आणखी घटल्या होत्या, साधा संसर्गही झेपला नसता, म्हणून कोणालाही जवळ येऊ द्यायचं नव्हतं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरणं. आबांनी स्वतः पंचक्रोशीतला एकही आजारी सोडला नव्हता, आणि आता ते सगळे परतफेडीला येत होते. केळी पिकवणाऱ्याच्या घरी केळी घेऊन.

आई दारात खुर्ची टाकून बसली. "खिडकीतून बोला," एवढंच म्हणायची. चुलत काका, नाना, रागावून अंगणातच उभे राहिले.

"आबा, पोट उतरलं तुह्यं. लय खंगला," ते ओरडले.

त्याच दिवशी रिपोर्टमध्ये चांगल्या पेशी वाढलेल्या दिसल्या होत्या. आबांनी आतून हात जोडले.

पुढच्या तपासण्यांत रोग दिसेनासा झाला. परवा आबांनी बाईंना विचारलं, "परत येईन का हा?"

"येऊ शकतो. आला तर पुन्हा औषध देऊ."

घरी आईने विचारलं, काय म्हणाल्या?

"बरा हाय म्हने," आबा म्हणाले आणि पाय धुवायला मोरीकडे गेले.

आई माझ्याकडे वळली. "अन् पुढं?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने मान हलवली आणि ताटं घेतली.