चार नंबर जीपमधला आबांचा कॉल

नमस्कार मंडळी. मी ह्या पेजवर दोन वर्षं नुसता वाचतोय, आन् खरं सांगायचं तर हसायलाच वाचतोय. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाला एसटीत शेवटच्या सीटवर म्हातारा दिसला... मी ते सगळं मित्रांना त्या त्या माणसाचा आवाज काढून वाचून दाखवायचो. विश्वास वगैरे काही न्हवता. शाळेत हेडसरांचा आवाज काढून मी अख्खी नववी ब मैदानात उन्हात उभी केली होती. दुसऱ्याला घाबरवायचं काम माझं, मी कशाला कुणाला भिऊ?

आज लिहितोय कारण एक गोष्ट घरात कुणाला सांगितली न्हाई आन् ती आता पोटात ऱ्हाईना.

गाव केंदूर. कामाला शिरूरला. बायपासच्या अलीकडं एक छोटा गाळा हाय, तिथं आम्ही गाड्यांत वायरलेस सेट बसवतो. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की शेतकी खात्याच्या जीपा दिवसभर नदीकाठच्या उसात फिरत असत्यात, तिथं मोबाईलला रेंज मिळंल न मिळंल, म्हणून प्रत्येक जीपमधी एक सेट. शिवाय ॲम्ब्युलन्स, सिक्युरिटीच्या गाड्या, असलं काम.

गाळा आबांचा, म्हणजे माझ्या मालकांचा. मला हे काम आबांनी शिकवलं. तुम्ही म्हणाल त्यात शिकायचं काय, चार स्क्रू मारायचे. मी पण पहिल्या दिवशी हेच म्हणलो. आबा म्हणले, "ब्रेक मारल्यावर गाडी थांबती रं. सेट थांबत न्हाई."

जीपमधी आम्ही सेट वर बसवतो, टपाच्या आतल्या अंगाला, ड्रायव्हरच्या कपाळासमोर. पट्टी धरून अडीच किलोचा ऐवज. आबांचा नियम एकच — बोल्ट लोखंडातच गेला पायजे, मागनं पट्टी, स्प्रिंग वायसर, मग नट. काम झालं की आबा सेटला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचे. गाडी हलली पायजे, सेट न्हाई. गाडी डुलायला लागली की मग माईकमधी कारखान्यातल्या कंट्रोल रूमला सांगायचे, "हां... बसला बघ गडी."

आन् आवाज कसा, तर आधी एकदा नाक ओढायचं, मग एकदम हळू, जसं काय शेजारी कुणी झोपलंय. मी हा आवाज त्यांच्या तोंडावर काढायचो. ते हसायचे. एकदा म्हणले, "मी घरी जातो आता, तू हायसच की."

आबा बौद्ध. गाळ्यात बुद्धाची तसबीर, तिच्या खाली ड्रिल मशीन. अंगात येणं, करणी, लिंबू-मिरची असलं काही बोललेलं त्यांना खपायचं न्हाई. कुणी गाडीला काळी बाहुली बांधून आणली तर आधी ती सोडायला लावायचे आन् मगच कामाला हात घालायचे.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आबा गेले. झोपेतच. गाळा मी चालवायला लागलो.

महिन्याभरानं मी एक आगाऊपणा केला. नवीन सेट बसवला आन् टेस्टिंगला कंट्रोलला कॉल दिला, आबांच्या आवाजात. "हां... बसला बघ गडी." कंट्रोलच्या ऑपरेटरच्या हातातला चहा टेबलावर सांडला म्हणे. दोन दिवस सगळे ड्रायव्हर हसत होते. कारखान्याचे शेतकी साहेब मात्र हसले न्हाईत. परत असं झालं तर काम दुसऱ्याला देणार, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. तवापासनं मी चॅनलवर तोंड उघडलं ते फक्त माझ्याच आवाजात. हे लक्षात ठेवा.

आता मुद्द्याचं. जानेवारीतली गोष्ट, दुपारची. लख्ख ऊन.

चार नंबरची जीप माझे दाजी चालवत्यात. संपत दाजी, माझ्या तायडीचा नवरा. त्यांची जुनी जीप गेली, नवीन आली, तिच्यात सेट बसवायला आणली. आले तेच घड्याळ बघत. साहेब रेल्वेनं दौंडला उतरणार होते, दोनला स्टेशनवर गाडी पायजे होती. "ए नकल्या, अर्ध्या तासात सोड मला," म्हणले.

उजव्या अंगाचे दोन बोल्ट नीट बसले. डाव्या अंगाचं भोक पाडताना ड्रिलचा बिट मोडला. दुसरा बिट न्हवता, बाजारात जाऊन यायला वेळ लागला असता. दाजी बाहेर हॉर्न वाजवत होते, स्वतःच्याच गाडीचा. मी काय केलं, डाव्या बाजूला दोन साधे स्क्रू घेतले आन् वरच्या प्लास्टिकातच पिळले. बाहेरनं बघितलं तर एकदम झकास. सेटच्या वायरीला फ्यूज पायजे होता, तो पण शिल्लक न्हवता, म्हणून गाळ्यातल्या टेबलावरच्या आमच्या सेटचा काढून त्यात घातला.

सेट हलवून बघितला न्हाई. कारण काय होणार ते मला माहीत होतं.

दाजींना पण बोललो न्हाई. संध्याकाळी गाडी परत येईल, तवा गुपचूप बोल्ट टाकू, असं मनात. ते गेले. मी समोरच्या पंक्चरवाल्या भैयाबरोबर चहा प्यायला गेलो.

सव्वा वाजता दाजींचा फोन. हॅलो न्हाई काही न्हाई, सरळ शिव्या. तुला मेलेल्या माणसाची लाज न्हाई, तुझ्या बहिणीकडं बघून गप बसतो न्हाईतर आत्ता येऊन हाणला असता, असं सगळं. मला टोटल लागंना. मग त्यांनी काय झालं ते सांगितलं.

न्हावरा मागं टाकून ते इनामगावच्या बाजूला लागले होते. रस्ता मोकळा, गाडी जोरात. सेटमधी खरखर झाली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. आन् मग आबा.

"संपत, गाडी बाजूला घे. डाव्या अंगाचे स्क्रू प्लास्टिकात हायेत."

एवढंच. दाजींना वाटलं मीच. राग आला आन् मला शिव्या घालायला म्हणून त्यांनी गाडी बाभळीखाली घेतली. माईक काढायला वर हात घातला, तर डावी बाजू सुटून अख्खा सेट खाली आला आन् त्यांच्या नाकासमोर लोंबकळायला लागला. गाडी उभी होती म्हणून काही न्हाई झालं. पुढं दोनशे पावलांवर वळण हाय, तिथं हंगामात उसाच्या बैलगाड्या असत्यातच, जोरात ब्रेक मारावाच लागतो. दाजी त्या वळणाला रोज शिव्या घालत्यात.

मी म्हणलो, दाजी, मी कॉल केलेला न्हाई.

"मग स्क्रूचं कुणाला माहीत होतं?"

कुणालाच माहीत न्हवतं. मला सोडून.

फोन ठेवला आन् मी गाळ्यातल्या सेटकडं बघितलं. फ्यूजची जागा रिकामी. तो सेट चालूच होऊ शकत न्हवता, त्याचा फ्यूज दाजींच्या गाडीत होता. भैयाला विचारलं, मी मधी उठून कुठं गेलो होतो का? "अरे तू तो यहीं बैठा था, दो चाय पी गया मेरे पैसे से," म्हणला. मग कंट्रोलला फोन केला. ऑपरेटर म्हणला, एक वाजल्यापासनं चॅनलवर चिटपाखरू न्हवतं. एकच चॅनल हाय, चार नंबरला कॉल गेला असता तर सगळ्या गाड्यांत ऐकू आला असता. कुणीच ऐकला न्हाई.

हे सगळं मी दाजींना त्याच संध्याकाळी सांगणार होतो. खरंच. बोल्ट टाकले, लोखंडात, आन् एवढा हलवला की जीप डुलायला लागली. मग त्यांच्या घरी गेलो. तायडी दारातच रडत होती. मला जवळ घेऊन म्हणली, "तुझ्या त्या येड्या आवाजानं वाचवलं रं ह्यांना." दाजींचा राग पण तवर उतरला होता. ते म्हणले, तुझं तुला आठवलं आन् तू लगेच कॉल दिलास, ते बरं केलंस. आबांच्या आवाजात का दिलास तेवढं विचारत न्हाई.

मी गप बसलो.

बघा ना. मी कॉल केला म्हणलो, तर मी त्यांना वाचवलं. न्हाई म्हणलो, तर मग माझ्या नावावर काय उरतं? प्लास्टिकातले दोन स्क्रू आन् दिवसभराची चुप्पी. तायडीनं पुरणपोळी केली. मी खाल्ली. तीन.

तुमच्यातला कुणी वायरलेसमधला जाणकार असंल तर सांगा, एका गाडीत ऐकू येतं आन् बाकीच्यांत न्हाई असं होतं का. मी दोन इंजिनियरना विचारलंय, दोघंबी न्हाई म्हणले. आन् भूत म्हणावं, तर आबांना भूतच मान्य न्हवतं. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या गाड्यांच्या काळ्या बाहुल्या सोडवल्या, त्यालाच मी कसं म्हणू तसं? मला तर कधीकधी वाटतं, मीच बोललो असंन आन् मलाच आठवत न्हाई. पण त्या टायमाला माझ्या एका हातात चहा होता आन् दुसऱ्यात बिस्कीट.

आता घरात कुणी पाव्हणं आलं की दाजी कौतुकानं सांगत्यात, आमच्या मेव्हण्यानं मला वाचवलं. मग मला म्हणत्यात, तो कॉल करून दाखव. मी नाक ओढतो, हळू आवाजात म्हणतो, संपत, गाडी बाजूला घे. पाव्हणं टाळ्या वाजवत्यात. दाजी मात्र दर वेळी मान हलवत्यात.

"न्हाई रं, असं न्हाई. तवा तू सेटमधनं न्हाई, शेजारच्या सीटवरनं बोलल्यागत बोलला होतास."