घंटेनंतरचं गेट

या वयात शाळेच्या बाकावर बसायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण शाळेतला मार बंद झाला आणि शाळांनी नवी शिक्षा काढली, पालकांना बोलावण्याची. पूर्वी पोरगं चुकलं की पोरगं अंगठे धरायचं. आता आपण धरायचे, तेही या गुडघ्यांनी. आमच्या घरात हे काम माझ्याकडे आहे. सोयाबीन सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत मुलगा आणि सून उजाडायच्या आत वावरात जातात, आणि निवृत्त शिक्षिकेला दुसरं काम काय, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं.

या वेळचं बोलावणं नातीपायी होतं. सातवीत आहे ती, आणि शाळेच्या बालमंत्रिमंडळात शिस्तमंत्री. छातीला पुठ्ठ्याचा बिल्ला आणि ताब्यात गेटाची चावी, कारण शाळेला शिपाई नाही. पोरगी जन्मतःच शिस्तीची. रविवारी विहारात वंदना घेते तेव्हा मधे कोणी खोकलं तरी थांबून बघते. अशा पोरीच्या हातात मुख्याध्यापकांनी चावी दिली आणि वर पंधरा ऑगस्टच्या भाषणात नियमही करून टाकला, की घंटा झाली की गेट बंद, परिपाठ संपेपर्यंत उघडायचं नाही, बाहेर कोणीही असो. मी समोरच्याच खुर्चीत होते. भाषणात माणूस असं बोलतो. ऐकणाऱ्यानं ते फार मनावर घ्यायचं नसतं, हे मोठ्यांना आपोआप कळतं.

अडचण अशी की आमच्या शाळेतले सगळे गुरुजी वाशीमहून अप-डाऊन करतात. सगळ्यांनी मिळून एक गाडी लावली आहे. म्हणजे वेळेवर आले तर सगळे येतात आणि उशीर झाला तर सगळ्यांनाच होतो. त्या दिवशी वाशीमजवळ रेल्वेचं फाटक पडलं आणि मालगाडी काही सरकेना. इकडे पोरांनी घंटा दिली. नातीनं कुलूप लावलं, चावी दप्तरात टाकली आणि परिपाठ सुरू केला.

गाडी पोचली तेव्हा आत राष्ट्रगीत चालू झालेलं. मग काय करता? मुख्याध्यापक आणि त्यांच्यामागे सारे गुरुजी आणि मॅडम डब्यांच्या पिशव्या खाली ठेवून गेटाबाहेर रस्त्यावर सावधान उभे राहिले. सोंगणीला निघालेल्या बायाही विळे घेऊन उभ्या राहिल्या. राष्ट्रगीत संपलं तसे सर पुढे झाले, तर आत प्रतिज्ञा. मग प्रार्थना, सुविचार, बातम्या, दिनविशेष. कार्टीनं काही म्हणता काही वगळलं नाही. कुणीतरी ते सगळं मोबाईलमध्ये काढलं आणि दुपारपर्यंत गावाच्या ग्रुपवर टाकलं.

मला ते दाखवलं तेव्हा मी इतकी हसले की कवळी हातात घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

मुख्याध्यापक माणूस वाईट नाही. तरुण आहे, रोजच्या त्या रस्त्यानं अर्धा झिजलेला. मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाले की नातीनं उद्या परिपाठात सर्वांसमोर गुरुजनांची माफी मागावी. नाही मागितली तर दाखला घेऊन अनसिंगच्या शाळेत टाका. आता, असं मुलाला काढता येत नाही हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं. पण खेड्यात दाखला कायद्यानं निघत नाही. तो कंटाळ्यानं निघतो. कोणीतरी दमतं आणि म्हणतं, जाऊ द्या, द्या तो दाखला.

मी म्हटलं, नियम तुमचाच होता ना सर?

त्यांनी कपातली साय चमच्यानं बाजूला केली. मग म्हणाले, "बाई, तो व्हिडिओ माझ्या सासऱ्यापर्यंत गेला."

मी चहा संपवला.

घरी मुलाला सांगितलं तर त्यानं पायातले बूटसुद्धा न काढता निकाल दिला. अनसिंगची बस कधी येते, कधी येत नाही. पोरीला रोज स्टँडावर उभी ठेवायला कोणाला वेळ आहे? "माफी मागत नसन तं बसव घरी, माय. तसंही सोंगायले माणूस भेटून नाही राह्यलं." रागावून म्हणाला असता तर मी फारसं घाबरले नसते. तो हिशोबानं बोलला. आणि दुसऱ्या दिवशी नात खरोखरच विळा घेऊन आईच्या मागे वावरात गेली, माफी मागणार नाही म्हणून. संध्याकाळी परत आली तेव्हा बोटाला चिंधी बांधलेली आणि चेहरा असा, की मी आयुष्यभर सोंगू शकते, बघा. तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. तिची स्वतःची शाळा अशीच एका सोंगणीच्या हंगामात सुटली होती, हे आम्हा दोघींना माहीत आहे.

आता ही ताठ मान पोरीनं कुठून आणली, असं गावात विचारतात तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात. त्यांचंही बरोबर आहे. मी नोकरीला लागले तेव्हा काय थाट होता माझा! गळ्यात शिटी, कडक इस्त्रीचं पातळ आणि डोक्यात हवा. पोरांनी कुठून चालायचं म्हणून मी शाळेच्या अंगणात चुन्याची रेघ मारून घेतली होती. पोरं चालोत न चालोत, गावच्या शेळ्या मात्र त्या रेघेवरून अगदी सरळ चालायच्या. लघवीलाही रांग लावायची मी. रांग पुढे सरकेपर्यंत मागच्या पोरांचं काम जागच्या जागी होऊन जायचं, आणि या महामायेला कळायचं नाही की फरशी ओली कशी. एकदा तपासणीला साहेब आले. माझ्या परवानगीशिवाय तोंड उघडायचं नाही असं मी वर्गाला पढवून ठेवलेलं. साहेबांनी नावं विचारली, गाव विचारलं, दोन आणि दोन किती ते विचारलं. कोणी बोलेना. जाताना साहेब हळूच म्हणाले, "बाई, पोरं बोलतात ना तुमची?" मी ती शाबासकी समजले आणि आठवडाभर मिरवली.

तर अशा बाईनं नातीला काय समजवावं? तरी बसले तिच्याजवळ. ती भिंतीला टेकून बोटाची चिंधी सोडत होती, बांधत होती. मी म्हटलं, मागून टाक माफी. दोन वाक्यं तर आहेत, तोंड काही झिजत नाही.

"काहून मागू? उशीर त्यायले झाला."

म्हटलं, फाटक पडलं होतं बाई.

"पोरायच्या घरी बी काही ना काही पडतच असते आजी. त्यायले उभं ठेवतात ना? कोणीही असो म्हणे सर. मी विचारलं बी होतं त्यायले, कोणीही म्हणजे कोणीही का? तं हो म्हणे."

मी तिचं बोट हातात घेतलं आणि चिंधी नीट बांधू लागले. बहुतेक त्यामुळेच ती पुढचं बोलली. आवाज आधीचा नव्हता. म्हणाली, सर लोकांसोबत पहिलीतली एक पोरगीही बाहेर राहिली होती. ती गजातून हात घालून ताई-ताई म्हणत होती, तिला लघवी लागली होती. "आणि मले ऐकू येत होतं."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काही नाही. मी प्रतिज्ञा चालू ठेवली. तिची तिथंच झाली. सरनं उचलून घेतलं तिले, शर्ट भरला त्यायचा." बोट माझ्या हातातून सोडवून घेत म्हणाली, "तिची मागतो मी माफी. सरची नाही."

सकाळी मी पुन्हा शाळेत गेले. सरांना म्हटलं, पोरगी बोलेल, पण तिच्या शब्दांत बोलेल. त्यांनी विचारलं, म्हणजे कोणत्या शब्दांत? म्हटलं, ते मलाही पक्कं माहीत नाही, पण खोटं नसेल. ते हसल्यासारखे झाले. नाही म्हणण्याइतकी ताकद सकाळी सकाळी त्यांच्यातही उरली नव्हती. रस्त्यातच संपत असावी.

परिपाठात नात पुढे आली. मी खिचडीच्या शेडपाशी उभी. तिनं हात सरळ ठेवले आणि मोठ्यानं म्हणाली, "त्या दिवशी पहिलीची पोरगी गेटाबाहेर रडत होती. मला ऐकू आलं तरी मी गेट उघडलं नाही. ते चुकलं. मी तिची माफी मागते."

आणि थांबली. सगळी शाळा पुढच्या वाक्याची वाट बघू लागली. सर वाट बघत होते. एका मॅडमनी डोळ्यांनीच तिला खूण केली, बोल ना. पहिलीची ती पोरगी रांगेत बसून आपल्या चपलेचा बंद ओढत होती, तिचं लक्षही नव्हतं. नात तशीच उभी, मान वर. मला वाटलं आता सर म्हणणार, अजून बोल. त्यांनी म्हटलं असतं तर ती बोलली नसती, आणि संध्याकाळी दाखला माझ्या हातात आला असता. सरांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं.

"पुढचा कार्यक्रम घ्या," ते म्हणाले.

सहावीचं एक पोरगं उठलं आणि त्यानं सुविचार वाचला. तो काय होता ते मला आठवत नाही. सर माझ्याजवळ आले आणि यंदा सोयाबीनला उतारा कसा आहे ते विचारलं. मी सांगितलं. झालं, मिटलं.

बिल्ला काढून घेतला तिचा, तेवढं तर होणारच होतं. तो आता एका हसऱ्या पोराकडे आहे, जो कोणालाच बाहेर ठेवत नाही. कुलूप कपाटात गेलं. गेट दिवसभर सताड उघडं असतं, शेळ्या येऊन बागेतला मोगरा खातात, आणि फाटक पडो न पडो, वाशीमची गाडी केव्हाही आली तरी आत येते. मुलानं दाखल्याचं नाव पुन्हा काढलं नाही. सोंगायला मजूर मिळाले त्याला, शेजारच्या गावाहून.

परवा घंटा ऐकू आली तेव्हा नात अजून आरशासमोर होती. जिनं उभ्या जन्मात कधी उशीर केला नाही, ती. मी म्हटलं, अगं घंटा झाली.

"होऊ दे. गेट तं उघडंच राह्यते."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला ओरडायला हवं होतं, ते येतंही मला चांगलं. त्याऐवजी मी तिला जवळ ओढून बसवलं, अर्धी घातलेली वेणी सोडली, आणि पहिल्यापासून घालायला घेतली, अगदी सावकाश.