थंड पाइपवरच्या माळा

एसीच्या तांब्याच्या पाइपच्या कामात माझा हात धरणारं चंद्रपुरात फारसं कोणी नाही, हे दुसऱ्या कोणी सांगायची मी वाट बघत नाही. वरोऱ्यात शाळा झाली, मग आयटीआय. तिथे पहिल्यांदा पाइपचं तोंड फुलवून नट आवळला, वर साबणाचं पाणी लावलं आणि गळतीचा एकही बुडबुडा आला नाही. त्याच दिवशी ठरलं, हे काम आपलं. अजूनही एखाद्या घरी गेले की लोक माझ्या मागे बघतात, मिस्त्री कुठे राहिला म्हणून. मी सरळ शिडी मागते.

माझा एक हट्ट आहे. गळती सापडल्याशिवाय मी गॅस भरत नाही. गॅस म्हणजे काही पेट्रोल नाही, गाडी पळवली आणि संपला असं होत नाही. घरातल्या आणि बाहेरच्या मशीनमध्ये तोच गॅस पाइपमधून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी पळतोय. हे न बघता गॅस भरून निघून जाणाऱ्या मिस्त्रींबद्दल मी काय बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ऐन मे महिन्यात सावलीजवळच्या एका गावातून फोन आला. "गॅस भरून द्या, मागच्या वेळचा संपला." मी म्हटलं, आधी बघेन, मग भरेन. पलीकडची बाई म्हणाली, "पाय, पन आजच पाय. दिवेलागनीच्या आत खोली थंड नाई झाली तं माहं पूरं वर्स गेलं."

एसी बिघडला म्हणून वर्ष जातं असं म्हणणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं. पंप, सिलिंडर, पाइप गाडीला बांधले आणि निघाले.

बाई साठीच्या पुढची, कोसा म्हणजे रानातलं रेशीम पिकवणारी. रानातल्या ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या, राखायच्या, कोसे उतरवायचे, हा घराचा पिढीजात धंदा. त्यातले सगळ्यात चांगले कोसे बियाण्यासाठी ठेवतात. आतला जीव उन्हाळाभर झोपून राहतो आणि पावसाळा लागला की पतंग होऊन बाहेर पडतो. त्याच्या अंड्यांवर पुढचं सगळं पीक. पण मे महिन्यातच खोली तापली तर त्याला वाटतं वेळ झाली. तो बाहेर येतो, अंडी होतात, अळ्या निघतात आणि उन्हात मरून जातात. म्हणून आजूबाजूच्या घरांनी मिळून बाईच्या घरी एका खोलीत एसी बसवला होता आणि सगळ्यांचं बियाणं तिच्या हवाली केलं होतं. कालपासून तो एसी नुसता वारा फेकत होता.

मी खोलीकडे निघाले तशी बाई दारात आडवी आली. "आंग धुऊन ये."

माझं डोकंच फिरलं. आमच्या घराण्यात आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दारात अडवून असं सांगणाऱ्या माणसांच्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले. मी हातातली पेटी खाली ठेवली आणि विचारलं, "काऊन बाई? मी काय घाण आहो?"

"घान नाई वं माय," ती म्हणाली. तिला माझा राग कळलाच नाही की कळून तिने बाजूला ठेवला, कोण जाणे. "कोस्याले वास चालत नाई. तेलाचा, पेट्रोलचा, कायचाच नाई. माहा पोरगा बी आंग धुतल्याबिगर आत जात नाई. गॅस भरनारा आला होता, त्याले बी धुवाले लावलं." मागे तिची सून ओल्या केसांनीच उभी होती, आणि अंगणातल्या दोरीवर घरातल्या सगळ्यांचे पंचे वाळत होते. माझा राग निवळला, पण पटकन नाही. न्हाणीत दोन तांबे अंगावर घेतल्यावर निवळला. सुनेची धुतलेली साडी नेसले, पदर खोचला आणि आत गेले.

आत गेले आणि हसू की रडू ते कळेना. पाइप खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत छताखालून आडवा नेला होता, कारण बाहेरचं मशीन ठेवायला सावली पलीकडच्याच बाजूला होती. आणि त्या पाइपवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोशांच्या माळा टांगलेल्या. पाइपवर काळं फोमचं वेष्टण असतं, ते पार सोलून काढलेलं. उघडं तांबं माळांच्या भाराने मधोमध लोंबत होतं.

"हे वेष्टण कोणी काढलं?"

"म्या," बाई मोठ्या तोऱ्यात म्हणाली. "हात लावून पायला तं थंडी सारी पाइपात. आन वरून घोंगडं पांघरून ठेवलेलं! थंडी बाहीर येईनच कशी? सोलून टाकलं. चांगलं चांगलं बियानं त्याच्यावरच टांगलं."

खरं सांगते, मला ती बाई तिथेच आवडली. खोलीतली सगळ्यात थंड वस्तू तिने बरोबर हेरली होती आणि सगळ्यात मोलाचं बियाणं तिथे ठेवलं होतं. कोशांच्या माळा आडव्या बांबूवर टांगायची घरची रीत. इथे आयताच तांब्याचा बांबू मिळाला. फक्त तो भार सगळा जाऊन पडत होता एसीजवळच्या जोडावर. तिथे साबणाचं पाणी लावलं तर बुडबुड्यांचा फेस आला. पाइपच्या फुलवलेल्या तोंडाला चीर गेली होती. वर्षभर गॅस भरला असता तरी तो तिथूनच गेला असता.

मी हे सांगितलं तशी बाईचा चेहरा उतरला. "म्हनजे म्याच मारले?"

"अजून कोणी मेलं नाही," मी म्हटलं. "माळा उतरवा, बांबू बांधा. चूल विझवा आणि कोणी बिडी पेटवू नका. बाकी माझ्यावर सोडा."

आत आग लावून सांधायचं नव्हतंच; गळलेला गॅस पेट घेणारा होता आणि धूर कोशांना चालणार नव्हता. चिरलेलं तोंड कापलं, आतली कड घासून साफ केली, नट आधी पाइपमध्ये ओवला आणि नवं तोंड फुलवलं. नट ओवायचा विसरून तोंड फुलवणारे मी खूप बघितले आहेत. नायट्रोजन भरून दाब धरला. बुडबुडा नाही. पंप लावून आतली हवा आणि ओल ओढायला घेतली, दाब दाखवणारा काटा खाली जाऊन बसला, आणि गावातली लाइन गेली, पंप बंद पडला.

सून रडकुंडीला आली. मी व्हॉल्व्ह बंद केला आणि काट्याकडे बोट दाखवलं. जोड कच्चा असता तर काटा वर चढला असता. तो हलत नव्हता. मला त्या जोडाबद्दल शंका नव्हतीच. भीती वाटत होती ती घड्याळाची.

खिडक्यांना ओली पोती लावली. बाई एकेका कोशाच्या देठाला बोट लावत फिरत होती. पतंग निघायचा असला की आतून ते टोक ओलं होतं आणि संध्याकाळ झाली की तो बाहेर पडतो, असं तिने मला सांगितलं. "हा ओला. हा बी." ओले कोसे ती सुपात वेगळे काढत होती, आणि सूप हळूहळू भरत होतं. मी तिच्याकडे बघायचं सोडून जुन्या पाइपवर नवं वेष्टण चढवत बसले. 

लाइन आली तेव्हा उन्हं कलली होती. पंप पुन्हा चालवला, वजन करून गॅस सोडला, एसी सुरू केला. तांब्याच्या नळ्या गार पडल्या, खोलीतला उकाडा उतरत गेला. दिवेलागणीला सुपातले पतंग निघाले, पिवळे, तांबडे, पंखांवर डोळ्यांसारखे मोठे ठिपके असलेले. ते वाया गेले. बाई बांबूवरच्या माळा पुन्हा चाचपत गेली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शेवटच्या माळेपाशी खाली बसली. "कोरडे," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडली. मलाही रडू आलं.

पावसाळा लागल्यावर तिचा फोन आला. "निंगाले बाई, सारेच निंगाले. पायाले ये." मी गेले, न सांगता न्हाणीत गेले, मग आत. बांबूवर पतंगच पतंग होते. सवयीने मी जोड बघायला हात वर केला, तर तिने माझं मनगट धरलं.

"आता या खोलीचा नेम हाय. आंग धुवाचं, चपला बाहीर, आन पाइपले हात लावाचा नाई. कोनीच नाई."

"मीसुद्धा?"

"तू बी नाई," ती म्हणाली, आणि माझा हात खाली करून त्यावर एक पतंग ठेवला.