टपावरचा पाळणा

माझी इलेक्ट्रिक गाडी भारी की दिराची, हे भांडण आमच्या घरात गाड्या घेतल्यापासून चाललेलं. माझी लहान. त्याची दांडगी, बिडकीनच्या कारखान्यात साहेब झाल्यावर घेतलेली. "वहिनी, तुमची गाडी भाजीला जायला बेस हाय," तो म्हणायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग माझ्या भावाला मुलगी झाली. लग्नाला इतकी वर्षं झालेली की आम्ही आशाच सोडली होती. भावजयीचं माहेर नागपूर, बारसं तिथंच, दिवेलागणीच्या आत. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि आत्या मी एकटीच. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तू वेळेत ये गं." दिराला मात्र वेगळंच सुचलं. "दोन्ही गाड्या नेऊ. जिचं चार्जिंग आधी संपंल, तिच्या मालकानं पंगतीत वाढायचं." मी काय मागं हटते की काय!

पहाटे निघालो. माझ्या शेजारी आई, टपावर आमचा सागवानी पाळणा. आमच्यात पहिला पाळणा बापाच्या घरून जातो. नवरा दीर-जावेच्या गाडीत जाऊन बसला. फितूर कुठला!

करमाडपर्यंत माझी ऐट बघण्यासारखी होती. जालन्याहून मोठ्या रस्त्याला लागलो आणि बॅटरीचा आकडा भराभर घसरायला लागला. एसी बंद केला. आई पदरानं वारा घेत बसली. दीर हॉर्न वाजवत, हात हलवत पुढं गेला. मेल्याला तेवढंच पाहिजे होतं.

चार्जिंगला थांबलो तेव्हा त्यानं वर बघितलं आणि पोट धरून हसला. रिकामा पाळणा हलू नये म्हणून आईनं त्यात बारशाचा दगडी वरवंटा निजवलेला, चहूबाजूंनी गोधड्या कोंबलेल्या, आणि सगळं चादरीत बांधून उभं आवळलेलं.

"वहिनी, समदा वारा त्या गाठोड्याला अडतोय. द्या माझ्या टपावर."

देते की! म्हणजे जन्मभर ऐकवायला मोकळा. "राहू द्या, भावजी," मी म्हणाले. "आमचं आम्ही बघू."

"असंच चाललं तर पुढं अजून एकदा थांबावं लागंल तुम्हाला. दिवेलागण हुकंल."

मी दोराची गाठ आणखी घट्ट केली. तेवढ्यात आई कडाडली, "अगं, बारसं गाडीचं हाय का लेकराचं?"

मला एकदम रडूच आलं. भावाचा तो फोनवरचा आवाज आठवला. मी स्वतःच दोर सोडायला लागले.

पाळणा त्याच्या टपावर चढला आणि त्याच्या गाडीचीही मस्ती उतरली. आता हॉर्न मी वाजवत होते! वाशीमच्या पुढं त्यानं गुपचूप गाडी कडेला घेतली, खिडकीतून हात जोडले. पाळणा परत माझ्याकडं. मग असंच आलटून पालटून, दोघांचेही एसी बंद, सगळे घामाघूम, आणि हसून हसून बेजार. दोन्ही गाड्यांनी शेवटचं चार्जिंगही शेजारी शेजारीच घेतलं. पंगतीत दोघांनी वाढायचं ठरलं.

नागपूरला पोचलो तेव्हा भाऊ रस्त्यावरच येऊन उभा होता. दिवे अजून लागले नव्हते. आईनं वरवंटा उचलला, त्याच्या जागी लेक निजवली. मी तशीच घामेजलेली वाकले, तिच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणं बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले. जावेचा सगळ्यात जोरात.

मी वाकलेलीच राहिले. या बुक्क्यांची किती वर्षं वाट बघितली होती मी.