घरच्यासारखा पगार

बी.ए. होऊन मी वर्षभर भंडाऱ्याजवळ शहापूरला घरी बसले होते. भंडाऱ्याच्या बाजारातल्या एका कापड दुकानात पातळं दाखवायला शिकलेली बाई हवी असल्याचं कळलं, आणि मी एसटीनं तिथं जाऊन धडकले. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. दुकानात बाईनं माल विकायला उभं राहणं तेव्हा आमच्याकडे नवलाचं होतं. शेठजींना ते नवल हवं होतं, फक्त फुकटात.

गादीवर लोडाला टेकून त्यांनी माझी मुलाखत घेतली. वडील काय करतात, शेती किती, धान किती होतं, लग्न कधी करणार. कापडाबद्दल एक प्रश्न नाही. उत्तरं ऐकून ते खूश झाले आणि पगार सोडून सगळ्यावर बोलले. दुकानाची इज्जत, दोन वेळचा चहा, दिवाळीला एक पातळ.

शेवटी मीच पगाराचं विचारलं. मुलीच्या तोंडून तो शब्द त्यांना शिवीसारखा लागला असावा. त्यांनी शंभर रुपये सांगितले, तेही जणू मला दत्तक घेत असल्याच्या आवाजात. मी अडीचशे म्हटलं.

"तुमच्या घरी तर धान हाय, बाई. तुमाले पैसे कायले पायजेत?"

"तुमच्याकडं बी तर पैसे हायेत, शेठजी. मंग गिऱ्हाइकाले पातळ फुकट काहून नाई देत?"

मी बोलून गेले. पण शेठजी हसले. लहान पोरीला समजवावं तसं त्यांनी मला समजावलं, की इथं नोकर कोणी नाही, सगळे घरच्यासारखे. पुरावाही हजर होता. मघापासून कोपऱ्यात बसून गिऱ्हाइकांनी उलगडून टाकलेल्या पातळांच्या घड्या घालणारी बाई त्यांची बायको होती. मी तिला नोकर समजले होते.

"आमच्या ह्या पाहा," शेठजी म्हणाले. "लग्न झाल्यापासून दुकान सांभाळून राहिल्या. कधी एक रुपया नाई मांगतला."

बाईंनी हातातली घडी पुरी केली. वर न पाहता म्हणाल्या, "मांगतला असता त देला असता का?"

शेठजींनी पानाचा डबा उघडला, पान न घेताच बंद केला. बाई उठून माझ्याजवळ आल्या. शहापूरहून एसटीला किती पडतात, ते विचारलं. मग नवऱ्याला सांगितलं की दोनशे द्या आणि गाडीभाडं वेगळं. नाहीतर उद्यापासून आपण दुकानात न येता वर माडीवरच्या घरातच बसू.

बायकोच्या जागी माणूस ठेवायचा तर काय पडेल, हा हिशेब शेठजींनी आयुष्यात पहिल्यांदाच केला असावा. तो जड गेला असणार, कारण दोनशे आणि गाडीभाड्यावर ते लगेच कबूल झाले.

पुढं गावभर त्यांनी आपण बाईमाणसाला कशी नोकरी दिली ते सांगितलं. एका मंडळानं त्यांना शाल-श्रीफळही दिलं. तिथं ते स्त्रियांच्या हक्कांवर बोलले म्हणे. आम्हा दोघींना ऐकता आलं नाही. दुकानात गर्दी होती.

काही महिन्यांनी बाईंनी स्वतःसाठी पगार मागितला. शेठजी म्हणाले, विचार करतो. माझं लग्न ठरून मी नोकरी सोडली, तेव्हा ते अजून विचारच करून राहिले होते.